पेंढ्याचा एल्डन

बार्टन्स मिल, व्हरमाँट
२० सप्टेंबर १९८६

प्रिय हेस्टर,

सगळ्यात आधी सांगते, तुझा भाऊ ठणठणीत आहे. आता बाकीचं पत्र शांतपणे वाच.

ईस्टरला तू आलीस तेव्हा त्याने तुला आईच्या नावाने हाक मारली, ही गोष्ट तू काही सोडत नाहीस. अगं, तू दारात उभी राहून सगळ्यांच्या बुटांचा चिखल तपासत होतीस, थेट सासूबाईंसारखी. माझ्याही जिभेवर तेच नाव आलं होतं. एवढ्यावरून माणूस भ्रमिष्ट झाला असं ठरवायचं आणि त्याला उचलून ऑल्बनीच्या वृद्धाश्रमात नेऊन ठेवायचं, हे मला पटत नाही. तो तुमच्या वडिलांनी बांधलेल्या घरात आहे आणि इथेच राहील. या विषयावर मी आता लिहिणार नाही.

घरात सध्या पाय ठेवायला जागा नाही. चर्चच्या जत्रेत यंदाही माझा स्टॉल आहे. मेणात बुडवलेली मेपलची पानं स्वयंपाकघरात दोऱ्यांवर टांगली आहेत, त्यामुळे चहा करायचा तरी वाकून जावं लागतं. ओकच्या फळांच्या टोप्यांची ब्रोच झाली, भोपळ्याच्या बिया रंगवून कानातली झाली. जाळीचं कापड साखरेच्या पाकात बुडवून बाटल्यांवर वाळवलं, की बाटली काढल्यावर कडक भूत उभं राहतं. तशी भुतं जिन्याच्या प्रत्येक पायरीवर उभी आहेत. एल्डन येता-जाता एखाद्याला चाटून बघतो. खिडकीत सफरचंदं लटकताहेत. सोलून, नाकडोळे कोरून, मिठाच्या पाण्यातून काढून सुकत घातली आहेत. ती रोज थोडी आक्रसतात आणि रोज थोड्या चेटकिणी होतात. त्यातली एक हुबेहूब तुझ्यावर गेली आहे. ती काही मी विकणार नाही.

एल्डन मक्याच्या माळा ओवतो. लाल आणि काळे दाणे भिजवून मऊ झाले की सुई आरपार जाते. तीन लाल, एक काळा, अशी त्याची रीत. दुपारभर खिडकीशी बसतो आणि एक शब्द बोलत नाही. सुताराची बोटं ती, त्यांना काम लागतंच. एक माळ तुझ्यासाठी पाठवते आहे.

आणि यंदा पेंढ्याचं माणूस मी एल्डनचंच करणार आहे. ही पद्धत तू गाव सोडल्यावर सुरू झाली. हॅलोवीनच्या आधीच्या शनिवारी प्रत्येक घराने आपल्यातल्याच कुणाचं तरी पेंढ्याचं माणूस करायचं आणि चर्चसमोरच्या हिरवळीवर बाकावर नेऊन बसवायचं. तोंडावर पोतं, त्यावर रंगवलेला चेहरा. कपड्यांवरून आणि बसण्याच्या ढबीवरून लोकांनी ओळखायचं, आणि ओळखलं की त्याला नावाने हाक मारून रामराम करायचा. एल्डनचा तो लाल-काळ्या चौकड्यांचा कोट घातला की झालं. त्या कोटाला ओळखत नाही असं गावात कुत्रंसुद्धा नाही.

दोघांचं प्रेम,
व्हर्ना


ऑल्बनी
२७ सप्टेंबर

व्हर्ना,

माळ मिळाली. तीन लाल, एक काळा म्हणतेस. मी ती चष्मा लावून पाहिली. सुरुवातीला काळ्यांची रांगच आहे, मग लाल, मग पुन्हा मनाला येईल तसं, आणि मधेच शर्टाचं पांढरं बटण. खुर्चीचा पाय केसभर वाकडा गेला म्हणून अख्खी खुर्ची चुलीत घालणारा माणूस बटण ओवतो, आणि तू मला लिहितेस ठणठणीत आहे.

मी चिडखोर आहे, मला ठाऊक आहे. पण बावळट नाही. एल्डनच्या हातच्या दोन ओळी मला वसंतापासून आलेल्या नाहीत. फोन करते म्हणशील तर करू नकोस, माझे कान आता फोनच्या कामाचे राहिले नाहीत. त्यालाच दोन ओळी लिहायला सांग. काय वाटेल ते लिहू दे.

शिवाय त्याला एक विचार. आईची ती लाल मण्यांची माळ, जी पुलावरून जाताना तुटली आणि ओढ्यात पडली, ती त्याला आठवते का? तुझा मका बघून मला ती आठवली. मी किती रडले होते ते त्याला नक्की आठवेल.

आमच्या गल्लीच्या टोकाला जो वृद्धाश्रम आहे तिथली एक खोली जानेवारीत रिकामी होते आहे. खिडकीतून बाग दिसते. मी रोज जाऊ शकेन. तू याला टाकणं म्हणतेस, मी याला सांभाळणं म्हणते.

हेस्टर


बार्टन्स मिल
४ ऑक्टोबर

प्रिय हेस्टर,

किती ग संशयी तू! बटण मीच ओवायला सांगितलं. आजकाल लोकांना असलंच आवडतं, सरळसोट माळ कुणी घेत नाही. गेल्या वर्षी स्टॉलवरचा सगळ्यात वेडावाकडा हार सगळ्यात आधी गेला.

आईच्या माळेचं त्याला विचारलं. हसला. म्हणाला, हेस्टरने त्या दिवशी सगळा पूल डोक्यावर घेतला होता. मग बराच वेळ हसत होता. पाहिलंस? तुला वाटतं तेवढं काही विसरलेला नाही.

लिहायला मात्र त्याचा हात दुखतो. ओवून ओवून बोटं धरली आहेत. जत्रा झाली की लिहील.

पोत्यावर चेहरा रंगवायला घेतला आहे. जमत नाहीये. डोळे काढले की ते कुणा दुसऱ्याचेच वाटतात. मग मी त्यालाच समोर बसवलं आणि बघून बघून काढले. तो म्हणाला, बाई, तुम्ही चित्रं छान काढता. मला थट्टेने बाई म्हणतो हल्ली.

व्हर्ना


ऑल्बनी
९ ऑक्टोबर

व्हर्ना,

आमच्या आईने जन्मात दागिना घातला नाही. बायकांनी नटणं हे आमच्या घरात पाप होतं. लाल मण्यांची माळ कधी नव्हती, ती पुलावर तुटली नाही आणि मी रडले नाही. एल्डनला विचारलं असतंस तर त्याने तुला हे सांगितलं असतं. किंवा सांगता आलं नसतं. तू विचारलंच नाहीस, कारण उत्तर येणार नाही हे तुला माहीत होतं. मग तू स्वतःच्या मनाने त्याचं हसणं लिहिलंस.

तुझ्या या खोट्याचा राग आला आहेच. पण त्याहून जास्त भीती वाटते आहे. आणखी काय काय तू असं मनाने लिहिलंस? तो जेवतो का? पडतो का? रस्ता चुकतो का? बाई म्हणतो ते थट्टेने का?

आता माझं ऐक. घर जितकं त्याचं तितकंच माझं आहे. मी वकिलाला भेटले. मी मनावर घेतलं तर हे घर विकायला लावू शकते, आणि मग त्याची सोय करणं भागच पडेल. ही वेळ माझ्यावर आणू नकोस. शनिवारी पंचवीस तारखेला मी येते आहे आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघणार आहे.

हेस्टर


बार्टन्स मिल
१५ ऑक्टोबर

हेस्टर,

पकडलंस. आता खरं सांगते.

बाई तो थट्टेने म्हणत नाही. सकाळी बरा असतो, दुपारनंतर मी कोण ते त्याला कळत नाही. परवा मला विचारलं, तुमचा नवरा कामावरून कधी येतो? मी म्हटलं, येईल इतक्यात. तो म्हणाला, मग मी निघतो, बरं दिसत नाही. हेस्टर, मी तीस वर्षं संसार केलेली बाई स्वतःच्या स्वयंपाकघरात लाजले आणि मग भांडी घासत रडले.

बटण त्याने आपणहून ओवलं. मला दिसलं होतं. पण माळ पुढे करून तो इतका खूश दिसला, की मला ती उसवता आली नाही. तुला तीच पाठवली, कारण त्याला विचारलं, कुणाला द्यायची, तर म्हणाला, हेस्टरला. तुझं नाव अजून त्याच्या तोंडात आहे. माझं नाही.

पण तू त्याला त्या खोलीत नेऊ नकोस. तुझ्या पाया पडते. इथे त्याला जिना माहीत आहे, पायाला माहीत आहे, डोक्याला नसला तरी. अंधारात हात घातला तर दाराची कडी त्याच्या हाताला सापडते. टेबलाशी बसवलं आणि पुढ्यात दाणे ठेवले, की अजून तो एल्डन असतो. बागेच्या खिडकीत त्याला बसवलंस तर तो एका महिन्यात नाहीसा होईल. मला एक हिवाळा दे. एकच. वसंतात ये, आणि तुला तेव्हाही न्यावंसं वाटलं तर मी स्वतः त्याची बॅग भरीन.

पेंढ्याचा एल्डन मी का करते आहे तेही सांगते. गावात त्याचं नाव कुणी काढत नाही आता. रस्त्यात भेटला तर लोक मलाच विचारतात, "कसा आहे गं तो?" तो शेजारी उभा असतो. मला वाटलं, एक दिवस तरी लोकांनी त्याला नावाने हाक मारावी, भले पेंढ्याला का होईना. पण कोट त्या पुतळ्याला घातल्यापासून खरा एल्डन घरभर कपाटं उघडत फिरतो. धुवायला टाकलाय सांगते. पटत नाही त्याला.

शनिवारी ये, पण संध्याकाळच्या बसने ये. दिवसभर मी स्टॉलवर असेन आणि तो शेजारच्या ओपलकडे असेल. संध्याकाळी त्याची दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून बसवते. मग बघ त्याला.

व्हर्ना


(दाराच्या फटीत ठेवलेली, पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी)

शनिवार, २५ ऑक्टोबर

व्हर्ना,

मी मुद्दाम दुपारच्या बसने आले. दाढी करून बसवलेला भाऊ मला बघायचा नव्हता. रोजचा बघायचा होता.

घराला कुलूप. ओपलचं दार वाजवलं, तिथेही कुणी नाही. चर्चमध्ये गेले, तर तुझ्या स्टॉलवर चेटकिणी आहेत आणि तू नाहीस. विचारलं तर बायका एकमेकींकडे बघतात, काहीतरी भराभरा बोलतात, मला ऐकू येत नाही. त्या गडबडीवरूनच मी काय ते समजले. मी येणार म्हणून तू त्याला घेऊन कुठेतरी निघून गेलीस. पायरीवर बसून बसून माझे पाय गारठले. आता शेवटची बस आहे.

येताना हिरवळीवर तुझा पेंढ्याचा एल्डन पाहिला. त्याच्या शेजारी घटकाभर बसलेसुद्धा, आणि एका भल्या माणसाच्या हातात माझा कॅमेरा देऊन फोटो काढून घेतला. मनात म्हटलं, काही म्हणा, बाईच्या हातात कला आहे. तेव्हा मला माहीत नव्हतं की तू खऱ्याला लपवून ठेवला आहेस आणि मला बघायला पेंढा मांडून ठेवला आहेस.

यापुढे वकील लिहील.

हेस्टर


बार्टन्स मिल
२८ ऑक्टोबर

हेस्टर,

तुझी चिठ्ठी मी शनिवारी पाहिलीच नाही. रविवारी कपडे घ्यायला घरी आले तेव्हा सापडली. हे पत्र इस्पितळातून लिहिते आहे. एल्डन समोर झोपला आहे. दोन्ही फुप्फुसांत सर्दी भिनली आहे, ताप आहे, पण डॉक्टर म्हणतात निभावेल. आधी हे वाच आणि एक श्वास घे, मगच पुढचं वाच.

सकाळी मी पुतळा बाकावर नेऊन बसवला. कोट, टोपी, पोत्याचा चेहरा, पायात त्याचे जुने बूट. पाय पुढे पसरून, एक हात पाठीशी टाकून, जसा तो चर्चनंतर बसतो तसा. मग स्टॉलवर गेले. ओपलचा मधेच डोळा लागला आणि एल्डन तिच्या स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर पडला. ती धावत माझ्याकडे आली. मी स्टॉल तसाच टाकून पळाले.

आधी घर, मग ओढा, गिरणी, जुना सुतारखाना, शाळेमागची झाडी, सगळीकडे गेले. हिरवळीवरून मी दोनदा गेले, हेस्टर. दुसऱ्या वेळी गावचा हवालदार बरोबर होता. आम्ही त्या बाकासमोरच उभे राहिलो. त्याने विचारलं, अंगावर काय होतं? मी म्हटलं, तपकिरी स्वेटर. कोट नाही, कोट हा काय इथे आहे, पुतळ्याच्या अंगावर. म्हणजे बिनकोटाचा गेलाय, लवकर शोधा, गारठेल. असं मी पुतळ्याकडे बोट करून म्हटलं.

तो पुतळा नव्हता.

संध्याकाळी पाऊस सुरू झाला, तेव्हा दोघं जण पेंढ्याची माणसं आत न्यायला आले. एकाने त्याला काखेत धरून उचललं आणि म्हणाला, व्हर्नाने हा भलताच जड भरलाय. तेव्हा पोत्यातून आवाज आला, "हळू रे." तो माणूस किंचाळून मागच्या मागे पडला. मी तेव्हा चर्चच्या पायरीवर होते. ती किंकाळी ऐकली आणि मला एकदम सगळं कळलं. कसं कळलं ते सांगता येत नाही.

खरा पेंढा बाकामागच्या झुडपात सापडला, उघडा, बिनडोक्याचा. एल्डन आपला कोट शोधत आला असणार. बाकावर दुसराच कुणी तो घालून बसलाय असं दिसलं असेल. त्याने त्याच्या अंगावरून कोट काढला, टोपी काढली, ते तोंडही आपलंच आहे असं वाटून चढवलं, आणि त्याच्या जागी बसला. मी पुतळ्याला दिली होती तीच ढब, पाय पसरून, हात पाठीशी टाकून. ती मी त्याच्यावरूनच तर घेतली होती.

तो बोलला का नाही, म्हणून सगळे विचारतात. बोलायची त्याला गरजच पडली नाही. दिवसभर माणसं येत होती, टोपीला हात लावून म्हणत होती, "काय एल्डन, कसा आहेस? जत्रा आवडली का?" आपल्याकडची ती रीतच. ताप चढला होता तरी त्याने रात्री मला सांगितलं, "बाई, आज सगळे भेटले."

आता तुझ्याबद्दल. लिहावं की नाही, दोन दिवस ठरवू शकले नाही. पण तुझ्याशी खोटं बोलून काय झालं ते आपण पाहिलं. ओपलकडून तो सकाळीच निघाला होता. तू दुपारी आलीस. तू ज्याच्या शेजारी बसलीस तो एल्डन होता.

हे मी तुला टोचायला लिहीत नाहीये. तू वर्षातून एकदा त्याला बघतेस. मी रोज त्याला आंघोळ घालते, त्याच्या अंगावरचा तीळन् तीळ मला ठाऊक आहे, आणि मीच त्याच्याकडे बोट करून म्हटलं, हा नाही. पंधरा दिवस बसून मी माझ्या नवऱ्यासारखं काहीतरी बनवलं आणि सगळ्यांच्या आधी मीच त्याला फसले. मला माझ्या हातांचीच किळस आली आहे. जिन्यातली सगळी भुतं मी काल चुलीत घातली. साखर जळाल्याचा वास घरातून जात नाही.

तू जिंकलीस. वकिलाची गरज नाही. जानेवारीत खोली रिकामी होईल तेव्हा त्याला घेऊन जा. बाग दिसते म्हणालीस, ठीक आहे. मला आता वाद घालायला तोंड नाही.

व्हर्ना


ऑल्बनी
३ नोव्हेंबर

प्रिय व्हर्ना,

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं आणि मग जमिनीवर बसले. या वयात जमिनीवरून उठणं काय असतं ते तुला माहीत आहे. दुपार गेली तिथेच.

पहिल्यांदा वाटलं, तू पुन्हा खोटं लिहिते आहेस. मला गप्प करायला. म्हणून मी कॅमेऱ्यातला रोल अर्धाच झाला होता तरी काढला आणि धुवायला दिला. आज फोटो आले. तो फोटो मी पाठवत नाही. माझ्याजवळच ठेवणार आहे. त्यात काय आहे ते मात्र सांगते.

मी नवी निळी टोपी घालून बाकाच्या या टोकाला बसले आहे, ताठ, कॅमेऱ्याकडे बघून हसते आहे, सगळे दात दाखवून. तो त्या टोकाला. तू सकाळी कसा बसवला होतास ते तू लिहिलं आहेस, पाय पसरलेले, एक हात पाठीशी. फोटोत पाय पसरलेले आहेत, पण हात पाठीशी नाही. तो हात बाकावरून पुढे आला आहे आणि माझ्या बाहीवर आहे. हातमोजा नाही, पेंढा नाही, हात आहे. बोटं बाहीवर मिटली आहेत. आणि ते तू रंगवलेलं तोंड कॅमेऱ्याकडे नाही, माझ्याकडे वळलं आहे.

व्हर्ना, मला ते कळलं होतं. बाहीवर काहीतरी पडल्याचं कळलं होतं. मला वाटलं, पुतळा कलंडतोय. फोटो झाल्यावर मी धड न बघताच तो हात उचलून त्याच्या मांडीवर नीट ठेवला, आणि पेंढा सांडू नये म्हणून वरून थोपटला. थंडगार होता. मी म्हटलं, किती छान भरलाय. आणि उठून तुझ्याशी भांडायला तुझ्या घराकडे निघाले.

तो काही बोलला असेल का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. पोत्याच्या आतून बोलला असेल. धडधाकट कानाच्या बाईला ऐकू आलं असतं.

हे वाचून तुला लागेल, म्हणून इथपर्यंत यायला मला वेळ लागला. तू समोर उभी होतीस तेव्हा तो हलला नाही आणि माझ्या बाहीला त्याने हात लावला. त्याचा अर्थ तू वाईट लावून घेशील. लावू नकोस. तू त्याच्या आयुष्यात मोठेपणी आलीस. मी त्याला कडेवर घेऊन हिंडवलेला आहे. त्याच्या डोक्यात आता घर वरच्या मजल्यापासून पडायला लागलं आहे, आणि मी तळमजल्यावर आहे, एवढंच. त्यात तुझी काही चूक नाही आणि माझी काही कमाई नाही.

गेला महिनाभर मी तुला वकिलाच्या धमक्या देत होते. मला वाटत होतं, त्याला माझ्याइतकं कुणी ओळखत नाही. असो.

आता कामाचं. खोली नको म्हणून सांगून आले. वृद्धाश्रमाच्या बाईंनी विचारलं, का? मी म्हटलं, तो घराला ओळखतो आणि मला ओळखतो, तेव्हा दोन्ही एका जागी असलेलं बरं. घर इकडे आणता येत नाही, म्हणून मी तिकडे जाते आहे. न्यायला नाही, राहायला. मला जिन्याखालची खोली पुरे. तुला दिवसा झोप काढता येईल, बाजारात जाता येईल, आणि आपण दोघी भांडलो तर तो बघत बसेल, त्याला ते लहानपणापासून आवडतं. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. मी बुटांचा चिखल तपासणार. तुला परवडत नसेल तर आत्ताच लिही.

आणि हातांची किळस आल्याची भाषा करू नकोस. भुतं जाळलीस ती जाळलीस. दाणे भिजत घाल. इस्पितळातून आल्यावर त्याच्या बोटांना काहीतरी लागेल, आणि मला ओवायला शिकवावं लागेल, मला सुई धरता येत नाही.

तेरा तारखेला गुरुवारी दुपारच्या बसने येते. या वेळी वेळ खरी सांगितली आहे. डॉक्टरांनी सोडलं असेल तर त्याला थांब्यावर घेऊन ये, मफलर घालून, तोंड उघडं ठेवून. त्याने मला ओळखलं नाही तर नाही. या वेळी मी ओळखीन.

तुझी,
हेस्टर